टेस्टरचा डावा हात

त्याच्या दुकानात टेस्टर नव्हता, म्हणूनच लोक त्याला टेस्टर म्हणत.

बोटीचं इंजिन चालू होईना की पहिला प्रश्न एकच. ठिणगी येते की नाही? बाकीचे मेकॅनिक प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवत आणि डोळे बारीक करून बघत. टेस्टर प्लगच्या वायरचं टोक सरळ डाव्या चिमटीत धरायचा आणि उजव्या हाताने इंजिन फिरवायची दोरी ओढायचा. झटका बसला की म्हणायचा, "जिवंत आहे." मग पेट्रोलकडे वळायचा. उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पहिल्या झटक्याला तो मागच्या पाण्याच्या पिंपात जाऊन बसला होता. उस्ताद आठवडाभर हसत होता. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली.

धक्क्यावर जुनं इंजिन आता एकच उरलं होतं, नावाड्याचं. नव्या इंजिनांत टेस्टरने उघडावं असं काही नसे. हे एक होतं म्हणून दुकानाचं शटर रोज वर जात होतं. दर वेळी इंजिन नावाड्याच्या खांद्यावरून यायचं आणि चालू होऊन परत जायचं.

या वेळी तीन दिवस झाले होते. नावाडी वल्ही मारून माणसं पलीकडे नेत होता. सकाळी त्याने आपले तळहात टेस्टरच्या नाकासमोर धरले.

"बघ हे फोड. शाळेची पोरं विचारतात, आजोबा, आम्ही वल्हवू का?"

"मग वल्हवू द्या की."

"थट्टा नको. आज दुपारपर्यंत झालं तर झालं. नाहीतर हे भंगारात, आणि नवीन आणतो. त्याचं वय झालं रे."

"इंजिनाचं ना?" टेस्टरने विचारलं.

नावाडी वल्ही उचलून धक्क्याकडे निघाला.

टेस्टरने काय केलं नव्हतं? पहिल्या दिवशी प्लग बदलले. वायर चिमटीत धरली, दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्या दिवशी वरचं जड चाक काढलं, खालचे ठिणगीचे पॉइंट घासले, त्यांच्यातली फट जुळवली, कंडेन्सर नवा बसवला. काही नाही. बंद करायच्या बटणाची वायर सोडवून पाहिली. तिसऱ्या दिवशी जपून ठेवलेली कॉइल घातली. चिमटीत मेलेली वायर.

बायको कोपऱ्यातल्या मशीनवर बोटीची ताडपत्री शिवत होती. "अहो, पेट्रोल तरी बघा."

"ठिणगीच नाही, तर पेट्रोल बघून काय करू? मेलेल्याला जेवू घालू?"

"तीन दिवस तेच करताय. हात टेकले म्हणा, सुटका होईल."

एकच गोष्ट उरली होती. वायर कुठे चिरली असेल तर ठिणगी वाटेतच गळते, आणि ती अंधारातच दिसते. त्याने पेट्रोलची टाकी बाहेर नेऊन ठेवली. शटर खाली ओढलं. भर दुपारी दुकानात काळोख झाला. बाहेर पाणी धक्क्याला चाटत होतं, तेवढाच आवाज.

त्याने वायर चिमटीत धरली आणि दोरी ओढली.

काळोखात एक निळा धागा पेटला. नखाएवढा. टिक् असा आवाज झाला. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा धागा, पुन्हा टिक्. गळती सापडली म्हणून त्याला आनंद झाला. ती कुठे आहे हे पाहायला तो वाकला.

धागा वायरच्या टोकातून निघून त्याच्या अंगठ्यात शिरत होता.

त्याने आणखी तीनदा दोरी ओढली. तीनदा ठिणगी अंगठ्यात गेली. अंगठा दुसऱ्याच कुणाचा असावा, तसा शांत होता.

"अहो," बायको काळोखातून म्हणाली. शिवणयंत्र थांबलं होतं. "ते तुमच्या हातात जातंय."

"दिसतंय मला."

"लागत नाही?"

गेल्या वर्षभरातलं एकेक त्याला आठवत होतं. उकळत्या चहाचा पेला त्याने डाव्या हातात धरला होता आणि ती ओरडली होती. तेव्हा तो म्हणाला होता, गेंड्याची कातडी आहे. अंगठ्यात पत्र्याची कपची रुतली होती, ती तिलाच दिसली होती.

"इकडे ये. दोरी ओढ," तो म्हणाला.

त्याने वायर उजव्या चिमटीत घेतली. तिने ओढली. तो बोंबलत मागच्या स्टुलावर आदळला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने वायर पुन्हा डावीकडे घेतली.

"ओढ."

टिक्.

"पुन्हा."

टिक्.

"पुरे झालं," ती म्हणाली. तिने दोरी सोडून दिली. "हात दाखवून अवलक्षण कशाला? आधी शटर वर करा. उद्या डॉक्टरकडे जायचं."

उजेडात डावा हात नेहमीसारखाच दिसला. काळा, तेलकट, नखं तुटलेली. जिवंत माणसाचा असतो तसा.

ठिणगी तर होतीच. मग त्याने पेट्रोल इंजिनात सोडणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू काढला आणि खाली काचेचा पेला धरला. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा गोल थेंब डोळ्यासारखा बसला होता. वाटी पुसली, ताजं पेट्रोल भरलं, इंजिन पाण्याच्या पिंपावर लटकवलं. दुसऱ्या ओढीला ते चालू झालं. तीन दिवसांत काढलेले सगळे जुने भाग बाकावर रांगेत होते. एकही खराब नव्हता.

नावाडी धावत आला. इंजिन बोटीला बसवलं तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"काय झालं होतं रे?"

"इंजिनाला काही नव्हतं झालं."

"मोठेपणा नको सांगूस!" टेस्टरच्या उजव्या हातात पाना होता, म्हणून नावाड्याने त्याचा डावा हात आपल्या फोड आलेल्या दोन्ही हातांत घट्ट दाबला. "भंगाराचं नाव काढलं, चुकलं माझं. पुढच्या वेळीही तुझ्याकडेच."

टेस्टर पाण्याकडे बघत होता. इंजिनाचा आवाज ऐकत होता. स्वच्छ, न चुकणारा. हळूहळू आवाज दूर जात होता.

"अहो," मागून बायको हलकेच म्हणाली. "हात खाली घ्या."

त्याने पाहिलं. हात पुढेच होता. बोटं कुणाची तरी बोटं धरल्यासारखी मिटलेली.

"त्यांनी सोडला तो," ती म्हणाली.

"कधी?"

तिने पाण्याकडे हात केला. नावाड्याची बोट पलीकडच्या काठाला लागत होती.