काइंडलीची जागा

आमच्या घरी रद्दीत वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकंच जास्त असत. वडील शिक्षक, संघटनेचं काम करणारे. छापखान्यातून आलेला गठ्ठा पांढुर्ण्याच्या आमच्या घरात उतरायचा आणि घड्या घालायला आम्ही दोघी बहिणी बसायचो. शाळेत जाण्याआधी मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरून. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी ठळक टायपात एकच क्रियापद असे: झाल्याच पाहिजेत. त्यातला तो ‘च’ मला फार आवडायचा. मागणारा माणूस ताठ उभा आहे, हे त्या एका अक्षरावरून कळायचं.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. इंग्रजीचे सर आम्हाला शुड, मे, मस्ट, कॅन शिकवत होते. क्रियाविशेषण कुठे ठेवायचं, यावर त्यांनी पंधरा दिवस घालवले. मराठीत ‘लगेच’ हा शब्द वाक्यात कुठेही फिरवा, कोणी अडवत नाही. इंग्रजीत त्याला ठरलेली जागा. सर म्हणत, “शुड आन् मुख्य क्रियापद, या दोघांच्या मधात बसवा त्याले. बसमधी तिघांच्या सीटवर मधला बसते तसा.” वर्ग हसायचा. मी मात्र वहीत खूण केली. इंग्रजीतला ‘च’ कुठे ठेवायचा ते मला सापडलं होतं.

ते ज्ञान वापरायची वेळ लगेच आली. ताई केंद्र सरकारच्या एका खात्यात टेलिफोनवर ट्रंक कॉल जोडायचं काम करायची. नेमणूक इटारसीच्याही पलीकडे. दहा महिन्यांची मुलगी सौसरला सासूबाईंकडे. शनिवारी रात्रपाळी संपवून ताई गाडीत बसे, पांढुर्ण्याला उतरे, तिथून बसने सौसर. मुलीजवळ अर्धा दिवस, की परत. सौसरला एक जागा रिकामी होती. बदलीचा अर्ज करायचा होता.

नियमाप्रमाणे हिंदीत अर्ज चालत होता. पण विभागीय दफ्तरातले बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, हिंदी अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतात, हे ताईच्या खात्यात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तो इंग्रजीत लिहायचं माझ्याकडे आलं.

मी मनापासून लिहिला. शेवटचं वाक्य लिहिताना तर अंगात वारं भरलं होतं. आय शुड इमिजिएटली बी ट्रान्सफर्ड टू सौसर. इमिजिएटली बरोबर मधल्या जागेवर.

ताईने विचारलं, “जास्त कडक तं नाही झालं वं?”

“हक्काचं आहे ते. भीक मागून राहिली का तू?”

तिने सही केली.

दोन महिने उत्तर नाही. त्या दोन महिन्यांत मुलगी चालायला लागली. ताईने ते पाहिलं नाही, तिला चिठ्ठीने कळवलं. शेवटी आम्ही दोघी विभागीय दफ्तरात गेलो. बडे बाबू पान खात बसले होते. त्यांनी खालच्या खणातून अर्ज काढला. माझ्या वाक्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल.

“ये किसने लिखा है?”

“मैंने.”

“अंग्रेज़ी अच्छी है, बेटी. लेकिन ये दरख्वास्त है कि नोटिस?”

“ग्रामर में क्या गलत है?”

“गलत कुछ नहीं. इसीलिए तो फाड़ा नहीं, संभाल के रखा है.” शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. “साहब पूछेंगे, बड़े बाबू, इसमें प्रार्थना कहाँ है? मैं क्या दिखाऊँ? मे काइंडली बी लिखो. जगह वही है, बस सवारी बदल दो.”

मी म्हणाले, दोन महिने झाले, हे एवढंच सांगायला पत्र का नाही पाठवलं? ते म्हणाले, पत्र साहेबांच्या सहीने जातं, आणि साहेबांपुढे हा कागद ठेवता येत नाही.

म्हणजे अर्ज नाकारला नव्हता. त्या एका वाक्यापलीकडे तो कुणी वाचलाच नव्हता. मुलगी किती महिन्यांची आहे, हे त्यात दुसऱ्याच ओळीत होतं.

बाहेर व्हरांड्यात मी ताईला म्हणाले, “मी हे लिहिणार नाही. आपण पत्रक काढू. बाबांना सांगते.”

ताईने माझ्यापुढे हात केला. मग म्हणाली, “पत्रकाच्या घड्या घालता घालता माही पोरगी शाळेत जाईन. आण तो पेन.”

“ताई, अगं...”

“तुही पोर नाही नं तिथं. गेल्या खेपेले मी घ्याले गेली तं आजीच्या लुगड्याआड लपली ते. तुह्या इमिजिएटलीनं दोन महिने खाल्ले माहे. आण पेन.”

तिने दफ्तराच्या पायरीवर बसून स्वतः अर्ज लिहिला. ताई मराठी शाळेत दहावी झालेली. कुठला शब्द कुठे बसतो ते तिला माहीत नव्हतं, आणि विचारायला ती माझ्याकडे वळली नाही. तिने लिहिलं: काइंडली आय मे काइंडली बी ट्रान्सफर काइंडली.

बाबूंनी ते वाचलं. मान डोलवली. चूक त्यांना दिसली असणारच, माझी इंग्रजी पारखणारा माणूस तो. त्यांनी पेन्सिलीला हातही लावला नाही. “अब ठीक है,” म्हणाले, आणि कागद वरच्या ट्रेमध्ये ठेवला.

तीन आठवड्यांत हुकूम आला.

माझा राग आजही उतरलेला नाही. शुद्ध वाक्य खणात कुजत पडतं आणि मोडकं वाक्य ट्रेमध्ये जातं, कारण मोडक्यात मान तीनदा खाली घातलेली असते. हक्काची जागा मागणाऱ्या बाईला आधी वाकायला लावणारं हे कसलं सरकारी काम? आणि मीही सुटत नाही. माझा ताठपणा खरा होता, पण तो मी दुसऱ्याच्या सहीखाली उभा केला होता.

ताई सौसरला राहायला आली तेव्हा मुलगी महिनाभर तिच्याजवळ झोपेना. ताईने जबरदस्ती केली नाही. रोज ड्यूटीवरून आली की ओसरीवर लांब बसून राहायची.

आता त्या अर्जाची नक्कल तिच्या कपाटात आहे. रामाकोन्याची, लोधीखेड्याची, कुणाकुणाची सून-मुलगी बदलीसाठी येते, बसून ती उतरवून घेते. तीनही काइंडली जशाच्या तशा. एकदा मी नक्कल हातात घेतली आणि पेनाने एक काइंडली खोडायला गेले. ताईने कागद ओढून घेतला.

“हात नको लावू त्याले,” ती म्हणाली. “याच्यानंच घरी आली मी.”