काचेच्या टाकीतलं गवत

खात्यात त्यांना सगळे 'गवतवाल्या बाई' म्हणायचे, तेही तोंडावर. उथळ खाडीच्या तळाशी उगवणाऱ्या समुद्रगवतावर बाईंनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. हे गवत कार्बन ओढून घेतं आणि खालच्या गाळात पुरून ठेवतं. पण शोधनिबंध लिहून खाडी वाचत नाही, हे उशिरा का होईना त्यांना उमगलं. मग त्यांनी पाण्यात उतरणं सोडलं आणि सागरी धोरणाच्या कचेरीत खुर्ची धरली. खाडीला कायद्याचं संरक्षण मिळालं की गंगेत घोडं न्हालं, एवढंच त्यांना हवं होतं.

कचेरीत मात्र त्यांचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सचिवसाहेबांना त्याच खाडीतून बंदराची वाट खोदायची होती. बाईंची थोरली बहीण म्हणाली, "अगं, ज्यांनी ते गवत पाहिलंच नाही, त्यांना त्याचं काय सोयरसुतक? दाखव की एकदा!"

बाईंनी कचेरीच्या व्हरांड्यात काचेची मोठी टाकी मांडली. रोज पाणी गाळायचं, दिवे लावायचे, पात्यांवरचं शेवाळ बोटांनी पुसायचं. नाकी नऊ आले, पण गवत असं तरारलं की शिपाईसुद्धा थबकून बघायचा. पंप आणि नळ्या तेवढ्या त्यांनी कपाटामागे दडवल्या. दिसायला बरं दिसत नव्हतं ना!

साहेब आले, वाकले, खूश झाले.

"बाई, हे तर कुठंही उगवतं की! मग उचलू आणि पलीकडच्या किनाऱ्यावर लावू. गवतही राहील, बंदरही होईल."

"साहेब, ही टाकी आहे. पलीकडे लाटांचा मारा आहे, मुळं धरणार नाहीत."

"इथं धरली ना?"

बाईंनी कपाट सरकवून पंप दाखवला, पण आता कोण बघतो! पुढच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी व्हरांड्याकडे बोट करायचं. शेवटी हुकूम निघाला आणि गवत हलवायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं. नाही म्हटलं असतं तर कंत्राटदाराने यंत्राने ओरबाडलं असतं. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून त्यांनी होकार दिला आणि स्वतः बुडी मारून, स्वतःच्या हातांनी गवत उपटलं.

पलीकडे लावलेलं गवत पहिल्याच वादळात उखडलं. काळं पडून किनाऱ्यावर कुजत राहिलं. खाडीत तोवर खोदकाम सुरू झालं होतं.

बाई राजीनामा द्यायला गेल्या. साहेबांनी चहा मागवला.

"जगलं नाही, ठीक आहे. पण लावलं तर खरं! तुमचं नाव होतं म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. आणखी दोन खाड्या खोदायच्या आहेत. तुम्ही नसाल तर यंत्रं आहेतच."

बाईंना साहेबांची चीड आली. त्याहून स्वतःची किळस आली. चहा निवून गेला तरी त्या उठल्या नाहीत.

"या वेळी उपटायला माणसं जास्त द्या," त्या म्हणाल्या.