दाजींची लाळ

रस्त्यात गाड्या थांबवून चालकांची लाळ तपासायची आणि कोणी नशा करून गाडी चालवतंय का ते पाहायचं, हे हवालदारांचं काम. "आज कितीजणांची थुंकी गोळा केली?" असं बायकोने विचारलं की तेही हसत हसत ताटावर बसत. माणूस लाघवी. लाळ टिपायची काडी तोंडात घालण्याआधी अशी विचारपूस करत, की चालकाला आपण पाहुणेच आलोय असं वाटावं. घाबरून भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडते. तरी पाणी द्यायचं नाही, दिलंच तर दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर तपासणी फसते, हे नव्या शिपायांना त्यांनीच शिकवलेलं.

त्या सकाळी शाळेची गाडी थांबवली, तर स्टिअरिंगवर दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मागे पोरांचा दंगा. दाजींचे डोळे तांबारलेले, जीभ टाळूला चिकटलेली. ताईचं घर या एका नोकरीवर चालतं. त्यांनी मुकाट्याने आपली बाटली पुढे केली. दाजींनी खळखळून चूळ भरली आणि हवालदारांनी लगेच काडी फिरवली. निकाल स्वच्छ. गाडी गेली.

पोरं सुखरूप उतरली का, हे शाळेला फोन करून विचारलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. पण मन खात राहिलं. सोबतच्या शिपायाने नुसतं चहाचं विचारलं, तरी त्यांना वाटलं, याने पाहिलं की काय.

दुपारी ताईचा फोन आला. दाजींनी निकाल कौतुकाने घरी सांगितला होता.

"मला उगाच शंका येत होती रे," ती म्हणाली. "तू तपासलंस ना, मग मी निश्चिंत."

हवालदारांनी जेवणाचा डबा तसाच बंद केला. शाळा सुटायच्या आधी ते शिपायाला घेऊन फाटकाशी उभे राहिले. दाजी गाडीतच बसले होते. परत तपासायचंय म्हटल्यावर हसले, घरचाच माणूस म्हणून पाण्यासाठी हात पुढे केला.

"पाणी नाही, दाजी. तोंड उघडा."

तपासणीच्या पट्टीवर नशेची खूण उमटली. दाजी शिपायाबरोबर गेले, पोरांना न्यायला आईबाप आले. हवालदारांनी साहेबांना फोन करून सकाळची चूळ सांगून टाकली. मग ताईला लावला.

"ताई, सकाळी मी तुझ्याशी खोटं वागलो."

ताईने फोन ठेवला नाही, आणि बोललीही नाही. तो मुका फोन कानाला लावून ते शाळेच्या पायरीवर बसून राहिले.