घर वाटलं, कारखाना नाही

नवरा गेल्यावर संग्रामपूरच्या रुखमाबाईंनी शेतीच्या जोडीला ठिबकच्या नळ्यांचा कारखाना काढला. जुनं प्लास्टिक वितळवून नळ्या काढणारं एकच मशीन होतं. सोनाळ्याकडच्या संत्राबागांतून मागणी वाढली, दुसरं मशीन आलं आणि दोन्ही मुलांत वाटणीची भाषा सुरू झाली.

"एक मशीन मले, एक गणेशले," थोरला दिगंबर म्हणाला.

"अन् गिऱ्हाईक कसं वाटसान?" रुखमाबाई म्हणाल्या. "घर वाटून घ्या. कारखाना एकच राहीन."

महिनाभरात घराच्या मधोमध भिंत उठली. रुखमाबाईंच्या जिवाला ते फार लागलं, पण शब्द त्यांचाच होता.

आज कारखान्यात चार मशीनं आहेत. दिगंबर माल काढतो, गणेश गावोगाव विकतो. अजूनही दोघांची जुंपते, पण रुखमाबाई मध्ये पडत नाहीत.