जस्टिना पेनरची मंडळी

"तू काही खरी पाळक नाहीस," असं कुणी म्हटलं की जस्टिना पेनरच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. कॅनडात, दक्षिण मॅनिटोबातल्या त्या कर्मठ मेनोनाइट ख्रिस्ती गावात बाईनं चर्चमध्ये गावं, पोटलकच्या सामूहिक जेवणाला बोर्श्ट सूपचं पातेलं आणावं. उपदेश पुरुषांनी करावा. ही बया चाळिशीत सेमिनरीत धर्मशिक्षणाला गेली आणि पाळकाची दीक्षा घेऊन परत आली. गावात चर्च सहा. एकानंही तिला दारात उभं केलं नाही. घेतलं ते हायवेकडच्या वृद्धाश्रमानं.

अकरा वर्षं ती तिथं रमली. दर रविवारी जेवणघरात उपासना. निम्मे लोक पेंगलेले, आणि एक आजोबा 'आमेन'च्या जागी न चुकता "कॉफी!" ओरडायचे. जस्टिना म्हणायची, "चालेल, देवाला कळतं."

अशात कर खात्याचं पत्र आलं. मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, सांभाळणाऱ्या पाळकाला घरभाडं उत्पन्नातून वजा करता येतं, पण वृद्धाश्रमातले लोक म्हणजे मंडळी नव्हे. मंडळीला कायमचे सभासद लागतात. तीन वर्षांचा कर भरा. जस्टिनाचा पगार तो केवढा! ही सवलत गेली तर घर सोडून दूर सस्कॅटूनला बहिणीकडं जावं लागणार, म्हणजे वृद्धाश्रमही सुटणार. ती चिडली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त दुखावली. गावानं जे म्हटलं तेच आता सरकारही म्हणत होतं.

तिचे कराचे कागद करणारा कॉर्नी लोवेन शाळेपासूनचा वर्गमित्र.

"भरून टाक आणि मोकळी हो," तो म्हणाला. "सरकारशी कोण भांडतं?"

"मी भांडते."

"अगं, पण चर्च म्हटलं की काहीतरी असतं ना! इमारत, बाकं..."

"कॉर्नी, आमच्या वृद्धाश्रमात तुझ्या आईला शेवटचा प्रभुभोज कुणी दिला?"

कॉर्नी चष्मा पुसायला लागला.

"तुमच्या पाळकानं? तो तेव्हा ॲरिझोनात गोल्फ खेळत होता. तुझ्या आईचा हात माझ्या हातात होता. ती नुसती रुग्ण होती की माझ्या मंडळीतली, ते तूच सांग."

कॉर्नीनं निमूटपणे हरकतीचा अर्ज पुढं ओढला. फी घेतली नाही.

सात महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, वृद्धाश्रमातल्या तिच्या टेबलावरचा फोन वाजला. विनिपेगहून हरकती तपासणारा अधिकारी बोलत होता. आवाज तरुण, वागणं अदबीचं.

"मिस पेनर, तुमच्याकडची माणसं सारखी बदलतात. याला मंडळी कसं म्हणायचं?"

"कोण म्हणतं बदलतात? अकरा वर्षांत एकही जण रुसून दुसऱ्या चर्चला गेलेला नाही. गावातल्या सहाही पाळकांना विचारा, त्यांना असं छातीठोक सांगता येतं का! माझे लोक एकदा आले की मरेपर्यंत राहतात. याहून कायमचे सभासद तुम्ही कुठून आणणार?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"बरं, सध्या सभासद किती? इथं आकडा लिहावा लागतो."

"नाश्त्याला त्रेचाळीस होते," जस्टिना म्हणाली. "आत्ताचा आकडा हवा असेल तर वर जाऊन बघून यावं लागेल. थांबता का?"



"नको, पास्टरबाई," तो म्हणाला. "मंडळी, त्रेचाळीस. लिहिलं मी."