विजेला सुतक

मी विजेच्या गाडीच्या प्रेमात पडलो तेव्हा तशी गाडी मी जवळून पाहिलीही नव्हती. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. मुलं परीक्षेपुरती येत. उरलेला दिवस मी बॅटरीवरचं मिळेल ते वाचत बसे. बॅटरीत लिथियम कुठून कुठे जातं हे मला पाठ होतं. सात रस्त्याच्या चौकातून गाडी काढायची म्हटलं की मात्र माझी हिंमत होत नसे. त्यामुळे पुढे आम्ही घेतलेली गाडी बायकोच चालवायची. मी शेजारी बसून बॅटरी किती टक्के उरली ते वाचून दाखवायचो, जणू तिला ते समोर दिसत नव्हतं.

निवृत्तीला काही वर्षं असतानाच मी नोकरी सोडली आणि टेंभुर्णीच्या रस्त्याला, शहराबाहेरच्या आमच्या लहानशा जागेत, चार्जिंग स्टेशन टाकलं. आवडीचंच काम करायला मिळणार म्हणून मी फार खुशीत होतो. पहिल्या आठवड्यात एकजण टायरमध्ये हवा भरायला आला, एकजण मोबाइल चार्ज करायला. मग हळूहळू गाड्याही येऊ लागल्या. गाडी जोडली की पाऊण तास थांबावं लागतं. तो पाऊण तास मी माझा समजत असे. गाडीच्या पोटात आता काय चाललं आहे, हे मी आलेल्या प्रत्येकाला सविस्तर सांगे. बायको मागून म्हणायची, "अहो, आधी त्यांना पाणी तरी द्या." ती पत्र्याच्या शेडखाली चहा करायची, लोकांच्या घरच्यांची चौकशी करायची. लोक माझं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, एखादा प्रश्नही विचारायचे. ग्रंथालयात इतक्या वर्षांत माझं एवढं कोणी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, मी विषय चांगला समजावतो.

या हिवाळ्यात ती गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

स्टेशनला मी कुलूप घातलं. थोरल्या भावाने एका हॉटेलवाल्याशी बोलणं करून ठेवलं. त्याला पार्किंगसाठी जागा हवी होती. तेरावं झालं की करार करायचा. मी हो म्हणून टाकलं. गाड्या मला आवडत होत्या, पण गाड्यांबरोबर माणसं येतात, आणि माणसांचं सगळं ती बघायची.

सुतकातच एका सकाळी स्टेशनशेजारच्या खतांच्या दुकानदाराचा फोन आला. दुधनीची एक गाडी पुण्याहून परत जाताना आमच्या फाटकापाशी येऊन थांबली होती. बॅटरी संपत आलेली, पुढे जाता येईना, ड्रायव्हर नवा, आणि आत एक म्हातारी बाई होती. किल्ली माझ्याकडे होती. शिवाय बरेच दिवस बंद राहिलेलं मशीन नखरे करायचं आणि त्याची समजूत मलाच काढता यायची.

घरात बैठक बसली. सुतकातल्या माणसाने बाहेरच्याला काही द्यायचं नाही, असं आत्याचं म्हणणं. भाऊ म्हणाला, "अगं आत्या, विजेला कसलं सुतक? ती बोर्डाकडनं येते."

"येती बोर्डाकडनं," आत्या म्हणाली, "पर जाती ह्येच्याच हातानं की."

मुद्दा बिनतोड होता. शेवटी निकालही तिनेच दिला: कुलूप उघडायचं, मशीन चालू करायचं, पण गाडीला शिवायचं नाही. भावाच्या पेट्रोलच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघालो.

मशीन सुरू केलं आणि चार हात लांब उभा राहून सूचना देऊ लागलो. दुकानदार पुढे झाले. ते लिंगायत. "आमच्यात सुतक न्हाय, सर. मी लावतो की," म्हणत त्यांनी प्लग गाडीत बसवला आणि पेट्रोल पंपावर नळी धरतात तसा धरून उभे राहिले. सोडला तरी चालतो, हे मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही.

म्हातारी उतरून बाकावर बसली. चहा देणाऱ्या बाई कुठं आहेत, तिने विचारलं. भावाने हळू आवाजात सांगितलं. तिने हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मागं आलो तवा तुमी तिकडं मशीनपाशी होता. बाई चहा देताना म्हणल्या, आमचे हे आता येतील, गाडीत काय चाललंय ते सांगतील. तेवढं ऐकून घ्या. त्यांना लई बरं वाटतं."

म्हणजे त्या डोलणाऱ्या माना, ते प्रश्न, सगळं तिने चहाबरोबर जमवून आणलेलं होतं. आयुष्यात एकदाच मी चांगला वक्ता झालो होतो, आणि तेही तिने सांगून ठेवलं होतं म्हणून. मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि थांबेना. भाऊ घाबरून माझ्याकडे बघू लागला.

"मग सांगा की," म्हातारी म्हणाली. "आता काय चाललंय आत?"

मी सांगितलं. नीट जमलं नाही. मग, का कोण जाणे, मी तिला विचारलं, पुण्याला कुणाकडे गेला होता. माझ्याकडून गिऱ्हाइकाला विचारला गेलेला तो पहिलाच प्रश्न. ती बहिणीकडे गेली होती. गाडी भरेपर्यंत ती बहिणीबद्दल बोलत होती, आणि मी ऐकत होतो.

परत निघाल्यावर भाऊ म्हणाला की हॉटेलवाल्याला आजच कराराचा दिवस कळवून टाकू. जागा द्यायची नाही, मी मागून म्हणालो. त्याने मोटारसायकल कडेला घेतली, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. बोलणं केलं त्याने, मोडायचं मी.

मी नमस्कार म्हणालो आणि सांगायला सुरुवात केली: गाडी भरायला वेळ का लागतो, घाईने भरली तर बॅटरीचं काय होतं, आणि तेवढा वेळ माणसांना कुठेतरी बसावं लागतं. शेजारून ट्रक जात होते, म्हणून ओरडून सांगत होतो. हॉटेलवाला शांतपणे ऐकत राहिला. त्याला तसं ऐकायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"म्हणजे जागा द्यायची नाही, असंच ना?" शेवटी त्याने विचारलं.

"असंच," मी म्हणालो.