अश्वगंधा की तांदळाचं पीठ?

आमच्या कामात आकड्यांसाठी रकाने असतात. माणसं जाता जाता जे बोलतात त्यासाठी नसतात. मग ते बोलणं आमच्याकडेच साठत जातं!

सिंगापूरला मी दोनेक वर्षं एका अभ्यासाची को-ऑर्डिनेटर होते. सतत धास्ती वाटणाऱ्या, छातीत धडधडणाऱ्या लोकांना अश्वगंधेने फरक पडतो का, हे तपासायचं होतं. निम्म्यांना अश्वगंधेची कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत तांदळाचं पीठ. कुणाला काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. (नावं अर्थातच बदललीत.)

*

अश्वगंधेला घोड्याचा वास, हे नावातच आहे. वासावरून गुपित फुटू नये म्हणून नुसते नंबर लावलेल्या सगळ्याच बाटल्या अश्वगंधेच्या मुळ्यांसोबत खोक्यात मुरवत ठेवायच्या. दिवसभर ते करून मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, टॅम्पिनीसला घरी आले. लेकीने दार उघडलं, नाकच दाबलं आणि सिंगापुरी इंग्रजीत ओरडली,

"आई, यू स्मेल लाइक झू लाह!"

*

पुण्याचा एक तरुण इंजिनीअर आला. 'भीती वाटते का?' शून्य. 'झोप उडते का?' शून्य. सगळा फॉर्म शून्यांनी भरला. फॉर्म देताना मात्र दार लागलंय ना ते बघून घेतलं.

"हे ऑफिसला कळतं का हो? माझा इथला वर्क पास रिन्यू व्हायचाय."

"नाव कुठेच जात नाही. फक्त नंबर."

त्याने भरलेला फॉर्म घडी करून खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "दुसरा कोरा मिळेल?"

*

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. दुसऱ्याच आठवड्यात कॅप्सूल उघडून, पावडर चाटून आले!

"हे पीठ आहे! अस्सल अश्वगंधा मी लहानपणी दुधातून घेतलीय. मला फसवता?"

आणि अभ्यास सोडून तरातरा निघून गेले.

अभ्यास संपल्यावर कुणाला काय मिळालं याची यादी उघडली. काकांना अस्सलच मिळत होती!

*

हौगांग भागात राहणाऱ्या सुलभाताई पहिल्यांदा आल्या त्या मुलाचा दंड घट्ट धरून. एकदा लिफ्टमध्ये अडकल्यापासून एकट्या कुठे जातच नव्हत्या. मुलगा-सून कामावर, दिवसभर घरात कुणी नाही.

दर दुसऱ्या बुधवारी मी ठरलेले प्रश्न विचारायची. त्या एकेका प्रश्नाला दहा-दहा मिनिटं उत्तर द्यायच्या. कोथिंबिरीच्या कुंडीपासून नातीच्या शाळेपर्यंत! मी घाई करत नसे. तिसऱ्या महिन्यात त्या एकट्या आल्या. लिफ्टने, बसने, एमआरटीने. डॉक्टरही खूश.

यादीत मात्र त्यांच्या नंबरापुढे पीठ निघालं.

त्यांना बोलावून सांगणं माझ्याच वाट्याला आलं. फसवल्यासारखं वाटेल, म्हणून शब्द जुळवत होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या,

"पुढच्या अभ्यासात पीठ खायला माणूस लागलं, तर मला बोलवाल ना?"